सोबतीची झाडं

खावर आत्याला कुणी 'मशदी' म्हणून हाक मारली की ती मान वळवत नाही. आमच्याकडे जो मशहदला इमामाच्या दर्ग्यावर जाऊन येतो त्याच्या नावाआधी हा मान लागतो आणि मरेपर्यंत सुटत नाही. पुरुष तो मिशीसारखा मिरवतात. बायका वरवर संकोचतात, पण कुणी विसरून नुसत्या नावानं बोलावलं तर ओ द्यायला जरा वेळ लावतात. खावर आत्या ऐकून न ऐकल्यासारखं करते आणि हातातलं काम पुढे चालू ठेवते. गावात नव्यानं आलेल्या सुनांना वाटतं, म्हातारीला कमी ऐकू येतं. खरं तर मधमाश्या कुठल्या झाडावर उतरल्या आहेत, हे तिला घरात बसून कळतं.

ती माझी सख्खी आत्या नाही. गावातल्या सगळ्याच मुलांची ती आत्या. तिची बाग नदीच्या वरच्या चढावर, आमची डोंगराच्या सोंडेपलीकडे. मधे सोंड असल्यामुळे आमच्या बागेतल्या मधमाश्या तिच्याकडे जात नाहीत. एरवी ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे.

तिची बाग तिच्या बापानं, नादअलीनं, लावली. चढावर पायऱ्या पाडून, प्रत्येक पायरीला दगडी बांध घालून त्यानं आधी कडू बदाम पेरले. कडू खुंट मुरमाला, थंडीला, तहानेला दाद देत नाही. तो बोटाएवढा जाड झाला की त्याच्यावर गोड्या झाडाचा डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचं, ही आमची रीत. वरच्या पायऱ्यांवर नादअलीनं ममाई जातीचे डोळे भरले. ममाईचं कवच जाड, पण आतला गर लांबट, दुधाळ, खाऊन झाल्यावरही जिभेवर राहणारा. खाली नदीला लागून असलेल्या पट्ट्यात त्यानं सफेद जात लावली. सफेदला बाजारात कुणी नावानं विचारत नाही. पण ममाई एकटी फळत नाही. तिच्या फुलाला तिच्याच जातीचे पराग चालत नाहीत, सफेदचे लागतात. आणि सफेदला ममाईचे. मधमाशीनं एकीचं दुसरीला नेलं तर दोघींना बदाम, नाहीतर दोघी नुसत्या फुलून मोकळ्या. सफेद जात्याच उतावळी, ममाईच्या आधी फुलणारी. म्हणून नादअलीनं तिला नदीकाठच्या गारठ्यात ठेवलं. तिथं ती रेंगाळते, आणि वर ममाई उमलते तेव्हाच उमलते.

हे डोळे भरले गेले तेव्हा खावर लहान होती आणि तिचा भाऊ हशमत तिच्याहून लहान. बाप खुंटाच्या सालीला चीर देई. खावरची बोटं बारीक, म्हणून डोळा सालीखाली सरकवायचं काम तिचं. हशमत ओल्या कापडाची पट्टी गुंडाळी आणि दर गाठीला विचारी, "ताई, जास्त आवळली का?" खावर म्हणे, "तुझा गळा आहे असं समजून बांध." मग तो हसत गाठ सैल करी.

पुढे खावरचं लग्न नदीपलीकडच्या गावात झालं. नवरा तरुणपणीच गेला. मूल नव्हतं, ती बापाकडे परत आली आणि बाग तिच्या हातात आली. हिवाळ्यात छाटणी, फुलोऱ्यात गारठा उतरला तर पहाटे पायऱ्यापायऱ्यांवर ओल्या भुशाचा धूर, उन्हाळा सरता लांब काठ्यांनी बदाम झोडणं, मग अंगणभर वाळवण. हशमतनं छोटा ट्रक घेतला आणि गावाचा माल इस्फहानला नेऊ लागला. गोड बोलणारा, हसवणारा माणूस. कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असलं की हशमतला बोलवायचं, हे ठरलेलं. येताना बहिणीसाठी काहीतरी आणल्याशिवाय तो राहत नसे; कधी चपला, कधी नुसतीच चौकातल्या कुणाची तरी नक्कल. खावर एरवी फार हसत नाही. त्याच्यासमोर हसायची.

नादअली गेला. चाळिसाव्या दिवशी माणसं जमली आणि वाटणीचा विषय निघाला. आमच्या गावात बदामाची बाग भावंडांत दोरी धरून वाटत नाहीत. जातीनं वाटतात. एकाला एक जात, दुसऱ्याला दुसरी. त्याला जोडवाटणी म्हणतात. जुन्या माणसांनी हे मुद्दाम करून ठेवलेलं आहे. अशा वाटणीत कुणी कुणाशी कायमचं बोलणं तोडू शकत नाही. तुझी झाडं माझ्या झाडांशिवाय वांझ आणि माझी तुझ्याशिवाय. सख्खे भाऊ चुली वेगळ्या करतात, दारं वेगळी करतात, पण फुलोऱ्याच्या दिवसांत एकमेकांच्या बागेत डोकावून 'उमलली का?' असं विचारावंच लागतं.

त्या दिवशी वाटणीला मशदी सफर बसला होता, गावातला सगळ्यात वयस्कर. बहिणीचा वाटा भावाच्या निम्मा, आणि पुष्कळ बहिणी तोही सोडून देतात. सगळ्यांना वाटत होतं, खावर सोडेल. तिनं तोंड उघडायच्या आधी हशमत म्हणाला, "ममाई ताईची. बापाचे पाय तिनं चेपले, मी ट्रकचं चाक धरून बसलो होतो. मला खालची सफेद पुरे."

मग एकदोघांनी डोळे पुसले. मशदी सफरनं चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "झालं तर. आता तुम्हाला भांडायचं असेल तर बदाम झोडून झाल्यावर भांडा. फुलोऱ्यात अबोला चालणार नाही." सगळे हसले. खावरनं डोक्यावरून घेतलेल्या चादरीचं टोक तोंडाशी धरलं होतं. ती हसत होती की रडत होती, ते कुणाला दिसलं नाही.

गावात पुढे कित्येक दिवस आया आपल्या मुलग्यांना हशमतचं उदाहरण देत.

नंतरची काही वर्षं जशी जायची तशी गेली. दरम्यान नदीकाठी इस्फहानची माणसं यायला लागली. पाण्याला लागून जागा घ्यायची, पांढरं घर बांधायचं, शुक्रवारी येऊन कबाब भाजायचे. पुलाजवळच्या जर्दाळूच्या बागा आधी गेल्या. खावरच्या शेजारची अक्रोडाची बाग गेली. हशमतचा मुलगा इस्फहानला मामाकडे राहत होता आणि त्याला स्वतःचं दुकान हवं होतं. हे सगळं खावरला माहीत होतं. पण एकाखाली एक ठेवून बघायचं तिला कधी सुचलं नाही. सफेदची झाडं ही विकायची वस्तू आहे, असं आमच्या गावात कुणाच्याच मनात आलं नसतं. ती तोडली तर बहिणीची बाग मरते. मग ती तोडेल कोण?

त्या हिवाळ्याच्या अखेरीस हशमत बहिणीकडे आला आणि म्हणाला की तिनं मशहदला जाऊन यावं. इफ्फत, म्हणजे त्याची बायको, सोबत येईल. बस, राहणं, सगळं त्यानं ठरवून टाकलंय. खावरला ही इच्छा लग्नाच्या आधीपासूनची. बाप नेणार होता, मग नवरा नेणार होता. पण ती म्हणाली, आता कशी जाऊ, कळ्या फुगल्यात, फुलोरा तोंडावर आलाय.

"तू परत येशील तेव्हा पहिलं फूल उमलत असेल," हशमत म्हणाला. "झाडं काय पळून जातायत? मी आहे ना इथं. तुझीही बघतो, माझीही बघतो."

ती निघाली त्या सकाळी बाया पुलापर्यंत पोचवायला गेल्या. माझ्या आईनं तिच्याकडे दर्ग्याच्या जाळीला बांधायला एक दोरा दिला. हशमतनं कुराण उंच धरून तिला त्याखालून काढलं, ती पुढे झाल्यावर तिच्या मागे वाटेवर तांब्याभर पाणी ओतलं, प्रवासाला निघालेल्या माणसामागे ओततात तसं, आणि म्हणाला, "माझ्यासाठी काही माग."

तिथं तिनं काय मागितलं, हे नंतर तिनंच माझ्या आईला सांगितलं. आपल्यासाठी काही मागायचं तिला आठवलं नाही. हशमतच्या पाठीचं दुखणं, त्याच्या मुलाचं दुकान, हेच तोंडात येत राहिलं. शेजारी इफ्फत जाळीला कपाळ टेकून रडत होती, इतकी की बाजूच्या बायकांनी तिला धरलं. खावरला तिचा हेवा वाटला. आपल्याला असं रडता येत नाही, आपलं मन कोरडं, असं तिला वाटलं. परतीचा दिवस आला तेव्हा इफ्फत म्हणाली, एवढ्या लांब आलोय, आणखी थोडं राहू. खावरचा जीव झाडांत होता, पण दर्ग्यातून निघायची घाई आपण करावी हे तिला बरं दिसेना. ती राहिली. दर्ग्याला लावून घेतलेलं एक लांब हिरवं कापड तिनं हशमतसाठी घेतलं, कमरेला बांधायला, पाठदुखीवर. खडीसाखर घेतली, केशर घेतलं.

यात्रेकरू परत येतो तेव्हा आमच्याकडे गाव पुलावर जातं. बस पुलाशी थांबली. बाया दृष्ट काढायला निखाऱ्यावर इस्फंदचे दाणे टाकून धूर करत होत्या. कुणीतरी साखरेच्या गोळ्या उधळल्या. "मशदी खावर, जियारत कबूल होवो," असं पहिल्यांदा तिच्या कानावर पडलं, आणि ती लाजली. माणसं गळ्यात पडत होती, खांद्यावर ओठ टेकत होती. मेंढा कापून झाला होता. हशमतनं त्याची सगळी व्यवस्था करून ठेवली होती. तो स्वतः मात्र कामासाठी इस्फहानला गेला होता.

पुलावरून चढाकडे बघितलं की खावरची बाग दिसते. वर ममाईच्या पायऱ्या, खाली सफेदचा पट्टा, आणि त्या पट्ट्याआड नदीचं वळण. ते वळण पुलावरून कधी दिसत नसे. त्या दिवशी माणसांच्या डोक्यांवरून, इस्फंदच्या धुरातून, खावरला तिथं नदीचं पाणी चमकताना दिसलं.

ती एवढंच म्हणाली, "पाणी कुठून दिसतंय?"

धूर करणारी बाई धूर करत राहिली. माझी आई सांगते, तेव्हा आम्ही सगळ्याच खाली बघत होतो आणि तिच्या चपलांकडे बघत होतो. त्या नव्या होत्या.

तिला लगेच तिकडे जाता आलं नाही. यात्रेहून आलेल्या माणसाच्या घरी गाव भेटायला येतं, त्याच्या हाताचं पाणी पितं. तिनं समोवर पेटवला. चहा ओतला, खडीसाखर वाटली, दर्ग्याचा घुमट कसा दिसतो ते विचारणाऱ्यांना सांगितलं. माणसं येत होती, 'मशदी खावर' म्हणत होती, पेला संपवून उठत होती. मशदी सफर आला तेव्हा तिनं त्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"करवतीचा आवाज लपत नाही, पोरी," तो म्हणाला.

"मग फोन का नाही केला? धर्मशाळेत फोन होता."

"दर्ग्यात असलेल्या माणसाला वाईट बातमी कळवत नाहीत. तुला ठाऊक आहे." मग तो म्हणाला, "हशमतलाही ठाऊक होतं."

सकाळी ती खाली गेली. पट्टा मोकळा झाला होता. झाडं जमिनीपासून कापलेली, खोडांच्या तोंडांवर ओल अजून होती. जाड लाकूड भटारखान्यावाले घेऊन गेले होते. बारीक फांद्यांचा ढीग एका बाजूला होता, आणि त्या ढिगातल्या कळ्या उमलायच्या बेतात होत्या. झाड कापल्याचं फांदीला इतक्या लवकर कळत नाही. पाटाच्या पाण्यात पडलेल्या फांद्या तर ताज्या होत्या. खावर गुडघ्यावर बसून त्या एकेक उचलायला लागली.

तिनं घरातल्या बादल्या, डबे, लोणच्याच्या बरण्या, चहाच्या किटल्या, सगळं बाहेर काढलं. त्यात पाणी भरून सफेदच्या फांद्या उभ्या केल्या आणि ती भांडी ममाईच्या झाडांत दोरीनं टांगली. एक दिवसानं वरची ममाई फुलली. त्या वर्षी ती जेवढी फुलली तेवढी कधी फुलली नव्हती. पायऱ्यांवर गुलाबी झाक असलेलं पांढरं इतकं दाट झालं की दगडी बांध दिसेनात. खालची जागा घेणारा माणूस आपली बायको-मुलं घेऊन आला. भला माणूस होता, वर येऊन सलाम केला. त्याची बायको म्हणाली, "किती सुंदर! यंदा पीक उदंड येणार तुम्हाला." खावरनं तिला चहा दिला. टांगलेल्या किटल्यांचे बायकोनं फोटो काढले. तिला ती सजावट वाटली.

पाटातल्या फांद्या पुरण्यासारख्या नव्हत्या. मग खावर सोंड ओलांडून आमच्या बाजूला आली, घरोघर सफेदच्या फुललेल्या फांद्या मागत. फुलोऱ्यातली फांदी देणं म्हणजे तिच्यावरचे बदाम देणं. कुणी डहाळी दिली, कुणी काडी दिली. एका बागेत पुरुष बसले होते, त्यांतला एक म्हणाला, "मशदी, झाडांचं लग्न लावायला निघालीस की काय?"

"लागलेलं लग्न होतं," ती म्हणाली. "तुम्ही वऱ्हाडी होतात, जेवून गेला होतात."

मग कुणी चेष्टा केली नाही. माझ्या आईनं घराजवळच्या झाडाची एक अख्खी फांदी कापून तिच्या खांद्यावर दिली. वडील आईवर चिडले, पण ते खावर दूर गेल्यावर.

नवरोज आला, नव्या वर्षाचा सण. धाकट्यानं थोरल्याकडे आधी जायचं असतं, म्हणून हशमतला येणं भाग होतं. तो आणि इफ्फत नवे कपडे घालून आले. खावरनं दोघांना बसवलं, चहा दिला, संत्रं सोलून पुढे ठेवलं. त्यानं साखरेचा खडा दातात धरला आणि बोलायला लागला. मुलाच्या दुकानाचं सांगितलं. जागा घेणारा माणूस कसा चांगला आहे, कुंपण बुटकंच घालणार आहे, पाटाला हात लावणार नाही, हे सांगितलं. तिनं संत्र्याची आणखी एक फोड पुढे केली, तेव्हा तो म्हणाला, "चांगली ती तुला दिली होती ना मी? सगळ्या गावासमोर दिली."

"दिलीस."

"मग खालची माझी होती. माझं मी विकलं. जुन्या लोकांच्या रीती जुन्या लोकांबरोबर. आता कोण पाळतं?"

"रीतीचं मी तुला विचारलंच नाही," खावर म्हणाली. "मला मशहदला का पाठवलंस?"

तो इफ्फतकडे बघायला लागला. "तुझी इच्छा होती, ताई."

"माझी इच्छा जन्मभराची आहे. तू याच वर्षी का पाठवलंस?"

हशमतनं पेला बशीत ठेवला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. तोवर त्याला तशी गरज पडली नव्हती. खाली मान घालून तो म्हणाला, "तू इथं असतीस तर माझ्या हातून करवत चालली नसती."

हे त्यानं मायेनं सांगितलं. आपली बहीण आपल्याला किती जवळची आहे हे तिला कळावं, म्हणून सांगितलं. खावर आत्या आजही तेवढंच वाक्य सांगते. बाकीचं बोलणं इफ्फतच्या तोंडून गावात आलेलं आहे.

इफ्फत रडायला लागली. "मला तुम्हाला जाळीजवळ सांगायचं होतं, ताई. तोंडापर्यंत आलं होतं."

"तेव्हा रडत होतीस ना," खावर म्हणाली. "मला वाटलं, तुला इमाम भेटला."

तिनं त्यांना दारापर्यंत पोचवलं. कोनाड्यात हशमतसाठी आणलेलं पुडकं होतं, केशराचं, हिरव्या कापडाचं. ते तिथंच राहिलं.

पाकळ्या गळल्या. बदामाचं खरं काय ते पाकळ्या गळल्यावर कळतं. फूल ठरलं असेल तर देठाशी लव असलेला हिरवा ठिपका राहतो. नसेल ठरलं तर देठही गळतो. नवरोजच्या तेराव्या दिवशी, रीतीप्रमाणे, सगळं गाव बागांमध्ये चुली मांडून जेवायला बसलं होतं, आणि खावर एकटी पायऱ्यांवरून फांद्या खाली ओढून बघत हिंडत होती. जिथं जिथं किटली नाहीतर बरणी टांगली होती त्याच्या आसपास ठिपके होते. थोडं दूर गेलं की फांदी मोकळी. झाडांनी जणू त्या भांड्यांभोवतीच तेवढं ऐकलं होतं. कोवळे हिरवे बदाम मिठाला लावून खायचे दिवस आले तेव्हा दर वर्षी ती पोरांना ओटीभर वाटायची. त्या वर्षी तिनं एकही तोडू दिला नाही, आणि पोरांनी मागितलाही नाही.

उन्हाळ्यात खालच्या कापलेल्या खोडांना फुटवे आले. तिथं अजून बांधकाम लागलं नव्हतं. तरारलेले, हातहात उंच फुटवे. हशमतनं ते पाहिले आणि माणसाकरवी निरोप पाठवला की ताईला सांग, झाडं मेली नाहीत, पुन्हा येतायत, जागेचा मालक एका कडेची राहू द्यायला तयार आहे. निरोप आणणाऱ्याला खावर म्हणाली, "त्याला म्हणावं, पान चावून बघ." डोळा भरला होता त्याच्या खालून फुटलेले ते फुटवे कडू खुंटाचे होते; नादअलीनं पेरलेला कडू बदाम इतकी वर्षं जमिनीत वाट बघत होता.

त्या वर्षीचे बदाम झोडायला तिला माणसं लावावी लागली नाहीत. ते तिनं हातानं तोडले आणि त्यांच्या वाळवणाला अंगणाचा एक कोपरा पुरला. गावातल्या शहाण्यांनी सल्ला दिला की आता वरचीही विकून टाक, नदी तिथूनही दिसते. ती म्हणाली, बघू. बघू म्हणाली की ती बघत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

उन्हाळा उतरला, साल पुन्हा ओली झाली, सुरी लावली की सुटायला लागली. हे डोळे भरायचे दिवस. खावर आमच्याकडे आली आणि आईकडून सफेदच्या त्या वर्षीच्या काड्या घेऊन गेली, ओल्या गोणपाटात गुंडाळून. तिनं मनाशी ठरवलं होतं. आता प्रत्येक ममाईच्या अंगावर एक फांदी सफेदची. एकाच झाडात दोन्ही. त्या फांद्या फुलायला काही वर्षं जाणार होती, तोवर किटल्या होत्याच. पण एकदा त्या फुलल्या की कुणाच्या पट्ट्याकडे बघायला नको, कुणाला 'उमलली का?' विचारायला नको.

पट्ट्यांसाठी तिनं कोनाड्यातलं पुडकं सोडलं. मशहदचं हिरवं कापड घेतलं, त्याच्या बोटबोट रुंदीच्या चिंध्या फाडल्या आणि वाडग्यात भिजत घातल्या.

मी त्या दिवशी काड्यांची दुसरी जुडी द्यायला गेले होते. ती वरच्या पायरीवर होती. सालीला चीर द्यायची, डोळा सरकवायचा, मग एका हातानं तो दाबून धरून दुसऱ्या हातानं पट्टी गुंडाळायची. एकटीला ते अवघड जात होतं. पट्टीचं एक टोक तिनं दातात धरलं होतं. मी पुढे झाले तर तिनं मानेनंच नको म्हटलं. बांधापलीकडे हशमत येऊन उभा होता. केव्हा आला होता कुणास ठाऊक. तो वाळला होता. तो हिरव्या चिंध्यांकडे बघत होता. दर्ग्याचं कापड ओळखू न येणारा माणूस आमच्याकडे नाही.

"ताई," तो म्हणाला, "पट्टी मी बांधू?"

खावर आत्याच्या दातात कापड होतं. तिनं ते तसंच धरून ठेवलं आणि पट्टीचा दुसरा वेढा घेतला. मग तिसरा. डोळ्याचं टोक तेवढं मोकळं ठेवून तिनं गाठ मारली, अंगठ्यानं चाचपली, आणि ती जरा जास्त आवळली गेल्यासारखी वाटली म्हणून थोडी सैल केली. मग वाडग्यातून दुसरी चिंधी काढली, पिळली, दातात धरली आणि पुढच्या झाडाकडे गेली.

हशमत जाताना कापलेल्या खोडांजवळून जाणाऱ्या खालच्या वाटेनं न जाता लांबच्या, पुलाच्या वाटेनं गेला.